विश्लेषण : ग्रंथपालाची नोकरी ‘पगाराची’ कोणी केली? कवळाण्याच्या सयाजीरावांची गोष्ट

मेहकर : तालुक्यातील शेकडो पदवीधर मुले-मुली रोज अभ्यासिकेत बसतात. कुणी पोलीस भरतीची तयारी करते, कुणी तलाठी परीक्षेची, कुणी एमपीएससीची. समोरच्या टेबलावर एक व्यक्ती पुस्तकांची देवघेव करत असते. ते कामही एक करिअर आहे, त्यासाठी वेगळी पदवी लागते आणि विद्यापीठात त्याला प्राध्यापकाच्या तोडीचा पगार मिळू शकतो, हे यातील फार थोड्यांना ठाऊक असते.

हे काम शिकून करायचे असते आणि त्याला पगार द्यायचा असतो, ही कल्पना आपल्या देशात ११५ वर्षांपूर्वी प्रत्यक्षात आली. ती आणणारा माणूस मराठी शेतकऱ्याच्या घरात जन्मला होता आणि वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत त्याला अक्षरओळखही नव्हती. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी धरणे, शाळा, बँक असे बरेच काही उभे केले. त्यांच्या आयुष्यातील ग्रंथालयांची बाजू मात्र कमी सांगितली जाते. नोकरीच्या शोधात असलेल्या तरुणांसाठी ती आजही उपयोगाची आहे.

कवळाण्याचा मुलगा गादीवर कसा आला?

नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात कवळाणे हे गाव आहे. तेथे काशीराव आणि उमाबाई गायकवाड यांच्या घरी मार्च १८६३ मध्ये गोपाळरावांचा जन्म झाला. बडोद्याच्या राजघराण्याशी या घराचे दूरचे नाते होते, पण जगणे शेतीवर होते. गुरे, शेत, नदी हेच गोपाळचे जग होते.

१८७५ मध्ये इंग्रज सरकारने बडोद्याचे मल्हारराव गायकवाड यांना गादीवरून दूर केले. आधीचे महाराज खंडेराव यांच्या पत्नी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. वंशातील मुलांचा शोध सुरू झाला. काशीरावांची मुले बडोद्याला नेण्यात आली आणि त्यांतून गोपाळची निवड झाली. २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान झाले आणि गोपाळचे सयाजीराव झाले.

आता या मुलाला राजा म्हणून तयार करायचे होते. इलियट नावाचे इंग्रज शिक्षक नेमले गेले. मराठी, गुजराती, इंग्रजी, उर्दू अशा भाषा, गणित, इतिहास, घोडेस्वारी, कारभार असे शिक्षण सुरू झाले. तोवर दिवाण सर टी. माधवराव यांनी राज्य सांभाळले. २८ डिसेंबर १८८१ रोजी सयाजीरावांच्या हाती संपूर्ण अधिकार आले. तेव्हा त्यांचे वय अठरा होते.

ज्या वयात इतर मुले चौथी-पाचवी पार करतात, त्या वयात ज्याने धुळाक्षरे गिरवली, त्याला अक्षराचे मोल वेगळे कळते. पुढच्या अर्धशतकातील त्यांचे अनेक निर्णय या एका गोष्टीकडे पाहिले की समजतात.

शाळा काढल्यावर ग्रंथालयाची गरज का पडली?

सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण प्रयोग म्हणून सुरू केले. तो जमल्यावर १९०६ मध्ये ते संपूर्ण राज्यात लागू केले. ब्रिटिश मुलखात तेव्हा असा कायदा नव्हता. आपला मेहकर तालुका त्या वेळी मध्यप्रांत-वऱ्हाडात म्हणजे इंग्रजी कारभाराखाली होता. इथल्या मुलाने शाळेत जावेच, अशी सक्ती त्या काळी नव्हती.

बडोद्यात शाळा भरल्या, पण एक अडचण पुढे आली. मूल चार इयत्ता शिकून शेतात जाई. घरात छापलेला एक कागदही नसे. चार-पाच वर्षांत वाचणे विसरून जाई. शाळेवर केलेला खर्च पाण्यात जाई.

यावर उपाय एकच होता. शाळा सुटल्यावरही वाचायला काहीतरी हाताशी असले पाहिजे, तेही फुकट आणि चालत जाण्याच्या अंतरावर. म्हणजे गावोगावी ग्रंथालय हवे. सयाजीरावांनी ग्रंथालय शिक्षणखात्याला जोडून पाहिले ते या हिशेबाने.

त्याआधी आपल्याकडे ग्रंथालये नव्हती का?

होती. रत्नागिरीत १८२८ मध्ये, नाशिकमध्ये १८४० मध्ये, पुण्यात १८४८ मध्ये वाचनालये निघाली. आपल्या वऱ्हाडात अकोल्याचे बाबुजी देशमुख वाचनालय १८६० चे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चे.

या संस्था गावातील वकील, शिक्षक, व्यापारी, अधिकारी यांनी वर्गणीतून उभ्या केल्या. त्यांचे उपकार मोठे आहेत. पण वर्गणी देईल तो सभासद, अशी बहुतेक ठिकाणी रीत होती. ज्याला वर्गणी परवडत नाही, तो आपोआप बाहेर राही. पुस्तके सांभाळणारा माणूसही बहुधा हौशी असे किंवा कारकुनी करता करता किल्ल्या सांभाळणारा असे. ग्रंथपाल हा स्वतंत्र पेशा आहे, असे कुणी मानत नव्हते.

अमेरिकेहून माणूस का बोलावला?

सयाजीराव खूप फिरले. १९०६ मध्ये ते अमेरिकेत गेले. तेथे सार्वजनिक पैशातून चालणारी, कुणालाही खुली असलेली ग्रंथालये त्यांनी पाहिली. तेथे ग्रंथपालांसाठी शाळा होत्या. मेल्विल ड्युई यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबियामध्ये १८८७ मध्येच तशी पहिली शाळा सुरू केली होती. पुस्तक कोणत्या विषयाचे, ते कोणत्या कपाटात ठेवायचे, वाचकाला दोन मिनिटांत कसे काढून द्यायचे, याचे शास्त्र तेथे शिकवले जाई.

सयाजीरावांनी पुस्तकांच्या खरेदीआधी माणसाचा विचार केला, हा त्यांचा वेगळेपणा. १९१० मध्ये त्यांनी विल्यम ॲलन्सन बोर्डन यांना बडोद्याला आणले. बोर्डन अमेरिकेतील न्यू हेवन शहरातील यंग मेन्स इन्स्टिट्यूटचे ग्रंथपाल होते. राज्यात स्वतंत्र ग्रंथालय खाते निघाले आणि त्याची सूत्रे बोर्डन यांच्याकडे आली. इतर खात्यांप्रमाणे ग्रंथालयांनाही अधिकारी, कर्मचारी आणि ठरलेला निधी मिळाला. इथूनच ही नोकरी पगाराची झाली.

बडोदा शहरात मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. महाराजांनी राजवाड्यातील स्वतःच्या संग्रहातील सुमारे वीस हजार पुस्तके त्याला दिली. वाचकाकडून वर्गणी नव्हती. कपाटे मुक्तद्वार होती, म्हणजे वाचक स्वतः आत जाऊन पुस्तक हाताळू शके. स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी वेगळी सोय होती. पुढे मांडवी भागात या ग्रंथालयाला नवी इमारत मिळाली. तेथील लोखंडी मांडण्या आणि उजेड खालच्या मजल्यापर्यंत पोहोचावा म्हणून बसवलेली काचेची जमीन पाहायला आजही लोक जातात.

देशातील पहिला वर्ग कधी भरला?

१९११ मध्ये बोर्डन यांनी बडोद्यात ग्रंथपालांसाठी प्रशिक्षण वर्ग सुरू केला. भारतातील ग्रंथालयशास्त्राच्या शिक्षणाची सुरुवात येथून मानली जाते. लाहोरच्या पंजाब विद्यापीठात असा वर्ग १९१५ मध्ये निघाला. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक मानले जाणारे एस. आर. रंगनाथन हे मद्रास विद्यापीठात ग्रंथपाल झाले १९२४ मध्ये. म्हणजे बडोद्याचा वर्ग त्यांच्या तेरा वर्षे आधीचा.

वर्गातील मुख्य विषय आजच्या विद्यार्थ्याला ओळखीचे वाटतील. पुस्तकांचे विषयवार वर्गीकरण, त्यांची सूची म्हणजे तालिका तयार करणे आणि ग्रंथालयाचा रोजचा कारभार. ड्युई आणि चार्ल्स कटर या दोन अमेरिकनांच्या पद्धतींचा मेळ घालून बोर्डन यांनी बडोद्यासाठी वर्गीकरणाची वेगळी पद्धत बसवली.

१९१२ पासून ‘लायब्ररी मिसेलनी’ नावाचे त्रैमासिक बडोद्यातून निघू लागले. ते इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत होते. ग्रंथालयाच्या धंद्यावर मराठीत नियमित लिहिले जाऊ लागले, ते असे गुजरातच्या मातीत.

गावापर्यंत पुस्तक कसे पोहोचे? पैसा कुणाचा?

यासाठी दोन युक्त्या होत्या.

पहिली, फिरत्या पेट्यांची. जेथे ग्रंथालय नाही तेथे लाकडी पेटीत पंधरा ते तीस पुस्तके भरून पाठवली जात. वाचून झाली की पेटी परत येई आणि दुसरी जाई. नेण्या-आणण्याचा खर्च राज्य करी. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्रे आणि चलत्‌चित्रे दाखवणारी शाखाही खात्यात होती.

दुसरी युक्ती पैशाची. गावाने ग्रंथालयासाठी ठरावीक रक्कम जमवली की तेवढीच रक्कम राज्य देई आणि तेवढीच स्थानिक बोर्ड देई. म्हणजे एक तृतीयांश वाटा लोकांचा, बाकी दोन वाटे सरकारी. गावाचा पैसा गुंतला की गाव ग्रंथालयाकडे लक्ष देते, हा त्यामागचा व्यवहार होता. आजही केंद्र-राज्य योजनांत दोघांनी वाटा उचलण्याची पद्धत आपण पाहतो. कोलकात्याचे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान राज्यांना असाच जोडनिधी देते.

प्रांत, शहर, गाव अशी ग्रंथालयांची उतरंड तयार झाली. मध्यवर्ती ग्रंथालय सर्वांच्या डोक्यावर. एखाद्या खेड्यातील वाचनालय एकटे पडत नसे. त्याच्या मागे एक खाते उभे होते.

बोर्डन गेल्यावर काय झाले?

बोर्डन तीन वर्षांनी, १९१३ मध्ये मायदेशी परतले. बाहेरून आणलेला तज्ज्ञ गेला की योजना बसते, असा आपला अनुभव असतो. बडोद्यात तसे झाले नाही, कारण तोवर स्थानिक माणसे तयार झाली होती.

मोतीभाई अमीन हे शिक्षक होते. बोर्डन येण्याआधीच त्यांनी मित्रमंडळ वाचनालयांची चळवळ सुरू केली होती. खात्यात आल्यावर खेड्यापाड्यांतील काम त्यांनी वाहिले. गुजरातच्या ग्रंथालय चळवळीत त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी बोर्डन यांच्यानंतर खाते सांभाळले आणि १९१९ मध्ये या चळवळीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. पुढे न्यूटन मोहन दत्त यांनी ही धुरा घेतली. १९२८ मध्ये त्यांचेही पुस्तक निघाले.

मध्यवर्ती ग्रंथालयाच्या संस्कृत विभागातून आणखी एक काम उभे राहिले. जुन्या पोथ्या गोळा करून त्या संपादित करण्याचे. गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचा पहिला ग्रंथ १९१६ मध्ये आला. १९२७ मध्ये या विभागाची स्वतंत्र प्राच्यविद्या संस्था झाली. ग्रंथालयातील एक विभाग वाढत संशोधन संस्था होतो, याचे हे उदाहरण. या क्षेत्रातील करिअर देवघेवीच्या टेबलावर संपत नाही, हे यातून दिसते.

या कामाला मर्यादा नव्हत्या का?

होत्या. एक तृतीयांश वाट्याचा नियम ऐपत असलेल्या गावाला सोपा होता. ज्या गावाला तेवढीही रक्कम जमत नसे, त्याला पेटीवर भागवावे लागे. महाराज वर्षातील बराच काळ परदेशात असत, यावरही त्या काळी टीका होई.

सर्वांत मोठी मर्यादा समाजाची होती. सयाजीरावांच्याच शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. १९१७ मध्ये ते करारानुसार बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा जातीमुळे त्यांना शहरात राहायला जागा मिळेना आणि त्यांना बडोदे सोडावे लागले. ज्या शहरात पुस्तक सर्वांना खुले होते, त्या शहरात घराचे दार बंद होते. खाते काढता येते, पगार देता येतो, पण माणसांची मने हुकमाने बदलत नाहीत. सयाजीरावांचे चरित्र वाचताना ही नोंद वगळता येणार नाही.

महाराष्ट्रात हा वारसा कसा आला?

१९३२ मध्ये कोल्हापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद सयाजीरावांकडे होते. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी मुंबई सरकारने ग्रंथालयांच्या वाढीसाठी फैजी समिती नेमली. १९४५ मध्ये कोल्हापूर संस्थानाने ग्रंथालय कायदा केला. १९४९ मध्ये बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्यातून ग्रंथालय संचालनालय आले. आज राज्यात अकरा हजारांहून अधिक मान्यताप्राप्त सार्वजनिक ग्रंथालये आहेत. जिल्हा, तालुका, इतर आणि अ, ब, क, ड अशी त्यांची वर्गवारी होते आणि त्यानुसार अनुदान मिळते.

फरक एक राहिला. बडोद्यात ग्रंथपाल राज्याच्या खात्याचा माणूस होता. आपल्याकडे गावातील सार्वजनिक ग्रंथालय संस्थेचे असते, सरकार फक्त अनुदान देते. त्याच रकमेत कर्मचाऱ्याचे मानधन, पुस्तके, वर्तमानपत्रे, वीज हे सगळे भागवायचे. लहान ग्रंथालयात मानधन म्हणून हाती पडणारी रक्कम घर चालवण्याएवढी नसते. वेतनश्रेणी आणि सेवाशर्ती मिळाव्यात, ही कर्मचाऱ्यांची मागणी अनेक वर्षांची आहे. ११५ वर्षांपूर्वी बडोद्याने सोडवलेला प्रश्न आपल्याकडे अर्धाच सुटला आहे.

मग मेहकरच्या तरुणाने या वाटेला जावे का?

जावे, पण कोणत्या टेबलावर बसायचे आहे हे आधी ठरवून. पायऱ्या अशा आहेत.

• प्रमाणपत्र : शालेय शिक्षणानंतर करता येणारा काही महिन्यांचा अभ्यासक्रम. लहान सार्वजनिक ग्रंथालयात किंवा सहायक म्हणून सुरुवात करण्यापुरता उपयोगी. चौकशीसाठी बुलढाण्यातील जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालय हे योग्य ठिकाण.

• बी.लिब. : कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर एक वर्षाची पदवी. कला, वाणिज्य, विज्ञान कुठलीही शाखा चालते. शाळा, सार्वजनिक ग्रंथालये, सरकारी कार्यालयांतील ग्रंथालयांच्या बऱ्याच जागांसाठी ती मागतात. घरी राहून शिकायचे असेल तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इग्नू यांचा पर्याय आहे.

• एम.लिब. आणि नेट-सेट : महाविद्यालयीन ग्रंथपालासाठी ५५ टक्के गुणांसह पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट लागते. पीएच.डी. असल्यास नियमानुसार सूट मिळते. हे पद मिळाले की वेतन सहायक प्राध्यापकाच्या तोडीचे असते. अमरावतीच्या संत गाडगेबाबा विद्यापीठात या विषयाचा विभाग आहे.

• संगणकाचे काम : कोहा, ई-ग्रंथालय, सोल या प्रणाली हाताळता आल्या पाहिजेत. जुन्या पुस्तकांचे डिजिटायझेशन, संशोधकांना संदर्भ शोधून देणे, ई-नियतकालिके सांभाळणे ही कामे वाढली आहेत. विद्यापीठे, संशोधन संस्था, न्यायालये, विधिमंडळ, वृत्तपत्रे, रुग्णालये येथे अशा माणसांची गरज असते.

एक सावधगिरी. अनुदानित महाविद्यालये आणि शाळांतील जागा कमी निघतात आणि भरती लांबते. त्यामुळे फक्त पदवी घेऊन वाट पाहण्यापेक्षा गावातील ग्रंथालयात काम करत शिकणे फायद्याचे. दाखल नोंद कशी करतात, वर्गांक कसा देतात, फाटलेल्या पुस्तकाची बांधणी कशी करून घेतात, वाचक काय मागतो, हे टेबलामागे बसूनच कळते. मोतीभाई अमीन खात्यात येण्याआधी गावोगावी वाचनालये काढत होते. त्यांना जागा मिळाली ती या कामामुळे.

थोडक्यात

• १८६३ : कवळाणे येथे गोपाळराव म्हणजे पुढच्या सयाजीरावांचा जन्म
• १८७५ : बडोद्याला दत्तक, शिक्षणाला खरी सुरुवात
• १९०६ : संपूर्ण राज्यात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण; अमेरिकेचा दौरा
• १९१० : बोर्डन यांची नेमणूक, ग्रंथालय खात्याची सुरुवात
• १९११ : ग्रंथपालांसाठी देशातील पहिला प्रशिक्षण वर्ग
• १९१२ : तीन भाषांतील त्रैमासिक सुरू
• १९३९ : मुंबईत निधन
• १९६७ : महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये कायदा

दरवर्षी १२ ऑगस्टला रंगनाथन यांच्या जयंतीनिमित्त ग्रंथपाल दिन साजरा होतो. हार घातले जातात, भाषणे होतात. त्या दिवशी बडोद्याच्या महाराजांचेही स्मरण व्हायला हरकत नाही. बाराव्या वर्षी पहिले अक्षर गिरवणाऱ्या या राजाला एक गोष्ट पक्की कळली होती. पुस्तक कपाटात असून भागत नाही, ते काढून हातात देणारा शिकलेला माणूस लागतो, आणि त्या माणसाचेही पोट असते.